बुंध्यावरचा निळा

जमलेल्या मंडळींनो, आन सराइच्या घरच्या काकू,

घरून निघताना शुद्ध बोलाचं ठरवलं होतं. पन दिनकर सराइसोबत मी कधी तसं बोलली नाही, मंग आज काहून बोलू? सांभाळून घ्या.

मी वनिता. वरूडकडची. आमची संत्र्याची बाग आहे. तुमी सराइले मोठे चित्रकार म्हनून ओळखता. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तवा सासूबाईले वाटलं, जमिनीचा मोजनीवाला आला. दिवसभर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. कागद नाही, ब्रश नाही. सासूबाईनं इचारलं, तं म्हने उजेड पाहून राहिलो. सासूबाई आत आल्या आन मले म्हने, याले चहा दे, उन्ह लागलं वाटते.

मंग सर दरवर्षी येत. अमरावतीहून एसटीनं, बगलेत कपड्यात गुंडाळलेलं चित्र. आमचीच बाग पाहून आधल्या वर्षी काढलेलं. ते झाडाच्या बुंध्याले टेकवत, दूर जात आन पाहत. रंग अजून जुळते का, ते पाहत. चित्रात झाड नाही, संत्रा नाही. हिरवा, पिवळा, मधात थोडा तांबडा. आमच्या घरचे एकदा म्हनालेच, "सर, यात संत्रा कुठी आहे?"

सर हासले. "संत्रा तुमचा. मी त्याच्यावरचा उजेड तेवढा नेतो."

एका वर्षी चित्र टेकवलं, दूर जाऊन पाहिलं. मले बोलावलं. म्हने, "वनिता, रंग जुळून नाही राहिला. खालच्या ओळीचा हिरवा उतरला."

आमी हासलो. सराइचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आमच्या घरचे म्हनाले, सर, एकदा डोळे दाखवून घ्या. सराइले राग नाही आला. खरंच गेले, डॉक्टरले डोळे दाखवले आन परत आले. चप्पल काढाच्या आधी म्हने, "डोळे चांगले आहेत. आता झाडं पाहा."

त्याइचा मान राखाले म्हनून बुंध्यापासची माती उकरली. साल सडली होती. डिंक वाहून राहिला होता. डिंक्या रोग! वरून आमाले पानं हिरवीच दिसत होती. रोजची बाग, कोन निरखून पाहते? मंडळी, डिंक्या एका झाडावर थांबत नाही, पान्यासोबत पुढं जाते. पोरीचं कॉलेज, सासूबाईचं औषधपानी, सगळं त्याच बागेवर. सडकी साल खरडली, बुंध्याले मोरचूद-चुन्याचा मलम लावला. काही झाडं गेली. बाग वाचली.

आमचा जीव भांड्यात पडला, आन सर त्या मलमाकडंच पाहत बसलेले. म्हने, काय निळा आहे हा! तवापासून त्याइच्या चित्रात खालच्या अंगाले निळी पट्टी याले लागली. कोनी म्हनते ते पानी आहे, कोनी म्हनते सांज आहे. असन बापा. मले इचाराल तं तो आमच्या बागेचा मलम आहे.

शेवटी दवाखान्यात मी संत्री घेऊन गेली. काकू, तुमी होत्याच तिथं. सराइनं खाल्ली नाहीत, खिडकीत ठेवाले लावली. मले रडू आलं. बाग तुमच्यामुळं उभी आहे, हे सांगाचं होतं. तोंड उघडलं तं म्हने, "बोलू नोको. पाह्य."

उन्ह संत्र्यावर आलं होतं. आमी तिघंही पाहत बसलो. माझं सांगनं राहूनच गेलं.

आज सांगते. सर, बाग उभी आहे. संत्र्याले आंब्या बहाराची फुलं आली आहेत. पोरगी शिकून राहिली. तुमचे लय उपकार आहेत आमच्यावर.

मंडळी, श्रद्धांजलीले डोळे मिटून उभं राहाची रीत आहे. आज मिटू नोका. काकूनं हे पश्चिमेचं दार मुद्दाम उघडं ठेवाले लावलं. उन्ह आता भिंतीवर आलं आहे. आपन सगळे उभं राहू. बोलू नोका.

पाहा.