पत्रावरची पहिली सही

"सून लय गरीब हाये. तोंडातून शब्द निघत नाही," सासूबाई ओट्यावर शेजारणीला सांगत होत्या. मी आत, खिडकीशीच होते. लग्नाला महिना झालेला. आणि या न बोलणाऱ्या सुनेनं सुट्टीवर अकोल्याला यायच्या आधी, आम्हा हवाई सुंदरींच्या युनियननं कंपनीला दिलेल्या मागण्यांच्या पत्रावर पहिली सही ठोकली होती.

तेवढ्यात घरच्या फोनवर कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, उचलला. मॅनेजरचा आवाज अख्ख्या घरात ऐकू येत होता. "सुनेला समजवा. सही मागे घेतली नाही, तर नोकरी जाईल."

मामाजी उसळले. "अहो साहेब, घरात आमची सून मीठ बी मांगत नाही! तिनं लेखी मांगतलं म्हंजे तुमीच काईतरी भयंकर करून राहिले असान. नाही घेत सही मांगं, जा!"

दुपारी सगळे जेवायला बसले. मी वाढत होते. मामाजींनी विचारलं, "पण बेटा, असं मांगतलं तरी काय तुमी?"

मी पोळ्यांची टोपली सासूबाईंसमोर ठेवली.

"काई नाही, मामाजी. सगळ्यायले वाढून झाल्यावर उरलंसुरलं उभ्यानं खा लागते. आमाले बी गरम हाये तवाच, बसून जेवू द्या म्हटलं."