अर्धा फेरा

पुतण्या : हलू नका काका. तुम्ही हललात की शिकंजा हलतो, शिकंजा हलला की टेबल हलतं, आणि लॅपटॉप नवा आहे.

काका : माझा हात जुना आहे म्हणून चालतंय होय?

पुतण्या : ठरलंय ना आपलं. बाबांनी वजिराचा बळी दिला तो चूक निघाला, तर सैल. बरोबर निघाला, तर आवळायचं.

काका : ठरलंय कुठे? तू मागून डोक्यात पान्हा घातलास. शुद्धीवर आलो तेव्हा हात या शिकंज्यात होता.

पुतण्या : बाबा शुद्धीवर आले तेव्हा हॉस्पिटलात होते. संगमरवरी पट कोणी घातला त्यांच्या डोक्यात?

काका : वजीर फुकट देऊन वर शीळ घालत होता. थोरला भाऊ झाला म्हणून काय झालं?

पुतण्या : डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारलं माहितीये? ‘मात होती का?’ आईची चौकशी त्यानंतर. थांबा, बळी दिल्या दिल्या आईने काढलेल्या फोटोवरून डाव मांडलाय. कॉम्प्युटर म्हणतोय, काळा जिंकतोय. म्हणजे तुम्ही. बळी चूक.

काका : बघ. फिरव उलटा.

पुतण्या : अर्धा फेरा सैल. अरे.

काका : ‘अरे’ म्हणू नकोस.

पुतण्या : आत्तापर्यंत वरवर बघत होता, आता खोलात शिरलाय. चौथ्या चालीला मात म्हणतोय. हत्तीचा शह, तुमचा राजा कोपऱ्यात, बाहेर पडायला घर नाही. आवळतो.

काका : आई गं.

आई : आले आहे मी, पण तुम्ही तुमच्या आईला बोलावत असाल. कुठवर आलंय? टाके उसवतील इतकं विचारतायत हे.

पुतण्या : बळी बरोबर होता.

आई : मग सावकाश आवळ. भाऊजी, करंगळी आत घ्या, एकटीच बाहेर राहिलीय.

काका : वहिनी, एक मिनिट. कॉम्प्युटरला आपल्या घरचा नियम माहीत नाही.

पुतण्या : कुठला?

काका : राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी. तुझ्या आजोबांपासूनचा आहे. माझा राजा उडी मारून कोपऱ्यातून बाहेर. मग कसली मात? त्याचा वजीर फुकट गेला.

आई : हे खरंय. आमच्या लग्नात याच नियमावरून दोन खुर्च्या मोडल्या होत्या.

पुतण्या : त्या डावात उडी आधीच मारली नव्हतीत?

काका : नव्हती. आई आई आई, मारली होती.

पुतण्या : सैल करून विचारतो.

काका : नव्हती.

पुतण्या : आणि असं?

काका : होती, होती.

आई : यांना वजीर दिलेला आठवतो, उडीचं काहीच आठवत नाही. फोटोत उडी दिसत नाही. म्हणजे उत्तर आहे भाऊजींच्या डोक्यात, आणि तू आवळतोयस हात.

पुतण्या : डोकं मावत नाही आई. मी आधी तेच करून बघितलं.

आई : सोड त्यांना. हे विचारणार, कसं कळलं. हात आवळून काढलंय म्हटलं, तर ती मात धरणार नाहीत. ओळखते मी.

(शिकंजा उघडतो. काका एकेक बोट हलवून बघतात.)

पुतण्या : आता सांगा.

काका : पुन्हा आवळ.

पुतण्या : का?

काका : मोकळ्या हाताने ‘मी हरलो’ असं मी आजवर म्हटलेलं नाही.

आई : आत्ता म्हटलंत की. तेच यांच्यासमोर एकदा म्हणा. चला, पट घ्या, तिथे मांडूनच दाखवू.

काका : येतो. पण पट तुम्ही धरा, वहिनी.