नाल्यातले मासे

माझ्या नातीला पहिला दात आला, त्या वर्षीची गोष्ट. छातीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कापड कारखान्यातला एक रंगारी खोकत बसला होता. सोबत मुलगी होती. ती माशांचा अभ्यास करायची.

"आमच्या रंगाच्या नाल्यात मासे जगतात ना? मग तुझा धाकटा भाऊही जगेल. सोमवारी त्याला माझ्या जागी लावतोय."

"बाबा, नदीतली पिल्लं त्या पाण्यात सोडली, ती दोन दिवसांत मेली."

"आणि नाल्यातल्या माशांची?"

"ती तर आमच्याकडे स्वच्छ पाण्यातच जन्मली होती. तरी नाल्यात जगली."

"बघ! सवय अंगात मुरते."

"सवय नाही हो. ज्यांना सोसलं नाही ते केव्हाच मेले. ज्यांच्या रक्तातच सोसणं होतं, त्यांची ही पिल्लं."

"किती पिढ्या गेल्या त्यात?"

"पन्नास तरी."

"तुझे आजोबाही तिथलेच रंगारी, कारखान्याच्या भोंग्यालाही खोकूनच ओ द्यायचे."

"आठवतंय."

"म्हणजे आपल्यात माझी दुसरीच पिढी."

"हो, बाबा."

"धाकट्याला सांग, सोमवारी खुशाल लोळत पड म्हणावं, गाढवा."

रंगारी त्याच वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आधी वारला.