बोथट टोकाची सुरी

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं, गावाचं नाव नगं लिहू ताई, तिथं भाऊ हाय माझा, त्याला वाटंल ही काय घरातलं चव्हाट्यावर सांगत बसली. आमी तिघी बहिणी आणि त्यो एक. अव्वा, म्हंजे आई माझी, कानडी मुलखातली, आमी घरात निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायचो, त्यामुळं शाळेत बाई हसायच्या, आणि मी लहानपणापास्नंच भित्री, कुत्र्याला भ्यायचो, पाण्याला भ्यायचो, उसाला तर लईच. आता उसाला काय भ्यायचं म्हणाल तुमी, पर आठवीची शाळा पल्याडच्या गावात, आणि वाट सगळी उसातनं, दोन्हीकडनं ऊस डोक्याच्या वर, आत कोण हाय कोण न्हाय कळत न्हाय. अव्वा म्हणाली सातवी झाली, बास झालं. संपली शाळा. मला वाईट वाटलं म्हणावं तर तसंबी न्हाय, सुटलो त्या वाटंतनं आसंच वाटलं.

सतराव्या वर्षी लगीन झालं, हितं उचगावात आलो. मालक कारखान्यात लेथवर कामाला. घरात ते, मी आणि सासू, सासूला मी आत्याबाई म्हणतो. दांडगी बाई, आवाज आसा की तिनं दारात हाक मारली की चार घरं सोडून मांजर पळायचं. वाईट न्हाय हां, उगंच वाईट लिहू नका, मला जेवल्याबिगर कवा झोपू दिली न्हाय तिनं. पर तिचं म्हणणं म्हंजे म्हणणं.

पहिलं बाळंतपण माहेरी करत्यात, पर त्या वर्षी नदीला पाणी आलेलं, आमच्या गावचा रस्ता बंद, म्हणून सासरीच झालं. पोरगा झाला. काय सांगू तुमाला, एवढा गोरा, एवढं जावळ. आता आमच्यात काय आसतंय, तुमच्यातबी आसंल, बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवायचं. सुरी म्हणा, विळा म्हणा. आणि ती खोलीतनं मोरीत जरी गेली तरी ते हातात घिऊन जायचं, न्हायतर बाहेरचं काय लागतंय, आसं सव्वा महिना. आत्याबाईनं घरातली जुनी सुरी दिली, गंजकी, म्हणाली जीव गेला तरी हातातनं सोडायची न्हाय. आणि ताई, मी इसरलो. चौथ्या दिवशी पोटात कळ आली म्हणून उठून तशीच मोरीत गेलो, सुरी उशालाच. परत येतोय तर आत्याबाई दारात, हात बघिटला माझा, रिकामा. 

त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगं पिवळं दिसाय लागलं. डोळं पिवळं, तळहात पिवळं. मी म्हटलं दवाखान्यात न्हेऊया की. तर बाळंतिणीची खोली, खिडकीला कांबळं लावलेलं, पोराला वारं लागंल, ऊन लागंल, बाहेर काढायचं न्हाय. अंगारा लावला, कुणीतरी माळ घातली. पोरगं दूध वढंना झालं, नुसतं झोपायचं. नवव्या दिवशी गेलं. बारसंबी झालेलं न्हवतं.

मग जी यायची ती बाई इचारायची, कसं काय गं झालं? आणि आत्याबाई म्हणायची, लोखंड इसरून गेली मोरीत. एवढंच. शिव्या न्हाय, मारणं न्हाय, एवढंच वाक्य, भाजीवालीलाबी तेच, पावण्यालाबी तेच. आणि मीबी तेच मानलं की. कुणाला सांगू, रातंदीस मनात तेच, एक सुरी उचलायची हुती, जड न्हवती, काय न्हवती, तेवढी तुला उचलंना?

तीन वर्सानी पोरगी झाली, माझी पूजा, दवाखान्यात झाली, पिवळी न्हाय काय न्हाय, चांगली रडकी. आणि ह्या खेपंला सुरी मी सोडलीच न्हाय. मोरीत सुरी, चुलीपाशी सुरी, पोरीला पाजताना मांडीखाली सुरी. सव्वा महिना झाला, आत्याबाई म्हणाली आण ती सुरी, कांदं चिरायला लागती. मी म्हटलं देत न्हाय. आगं झालं की सव्वा महिना. म्हटलं हुदे. शेजारची काकू हसायला लागली, म्हणाली तुजी सून दरवडं घालायला निघाली वाटतं.

तुमी म्हणाल भीतीपायी. भीतीपायीच. पर भीती आसली म्हणून माणूस गप बसतंय आसं थोडंच हाय?

पोरगी पाच म्हैन्याची झाल्यावर मी पोत्याच्या गोदामात कामाला लागलो, पोरीला संगं घिऊन, झोळीत टाकायची आणि जुनी पोती उसवायची, शिवायची. तिथं सुतळी तोडायला सुरी लागतीच. पर ती घरातली गंजकी, लांबडी, कमरंला खवली की परकर फाटायचा, एकदा मांडीला लागलं. मग मला वाटलं आपली पायजे एक, कमरंला बसणारी, रोज घिऊन हिंडता यील आशी.

मालकांस्नी सांगिटलं. ते वैतागून का हुईना, कारखान्यातनं हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, मोडकं पातं आणलं, घासून, मागं टेप गुंडाळून सुरी करून दिली. काय धार! केस तुटायचा. पर तिसऱ्या दिवशी पोत्याच्या शिवणीत घालून जरा पिळली तर टाक्कन मोडली, तुकडा उडाला, झोळीपास्नं हातभर लांब पडला. माझं काळीजच हाललं. मग बाजारात एक स्टीलची बघिटली, चकचकीत, लाल मूठ. आत्याबाई म्हणाली स्टीलला काय भ्यालंय भूत, लोखंडच लागतंय. मालक म्हणाले, का गं आई, भूत काय चुंबक घिऊन हिंडतंय? तवा जरा हसलो सगळी. पर स्टीलचीबी धार आठ दिवसात गेली, सुतळी नुसती कुसकरायची.

मिटणारी घे म्हणाले मालक, खिशात बसंल, लोकांस्नी दिसणार न्हाय. ताई, मिटणारी उघडायला दोन हात लागत्यात. आणि लेकुरवाळ्या बाईचा एक हात कवा मोकळा आसतो सांगा की. एक हात पोरात अडकलेला. ही गोष्ट बापयाच्या डोक्यातच येत न्हाय.

शेवटी घिसाड्यांची पालं पडलेली गावाभाईर, तिथं गेलो. एक बाई भाता वढत बसलेली, माझ्यावानीच मांडीवर पोरगं. मी म्हटलं सुरी पायजे. ती म्हणाली, कुणाला भोसकायचंय का काय कापायचंय ते आदी सांग. मी हात पुढं केला. ती म्हणाली तुजा तर हात थरथरतोय, तुज्यानं भोसकणं हुणार न्हाय, भोसकायला गेलीस तर तुलाच लागंल. कापायचं आसंल तर ही बघ. आणि तिनं एक काढून दिली, ट्रकखालच्या स्प्रिंगच्या पाट्याचं लोखंड, पातं माज्या चार बोटाएवढं, काळं, बाभळीची मूठ, आणि टोक गोल, बोथट. म्हटलं हे कसलं टोक? म्हणाली, लेकराजवळ टोक नगं, पात्याच्या पोटाला धार बास. मग म्हणाली हात वला कर. पाण्याच्या बादलीत हात बुडवून मूठ धरायला लावली, निसटती का बघ म्हणाली, बाईच्या हाताला कायम पाणी न्हायतर पीठ, कोरड्या हाताला कुटलीबी चांगली वाटती. तसल्याच चार सुऱ्या धरून बघिटल्या, चवथी बसली हातात.

कव्हर गल्लीतल्या चपला शिवणाऱ्या मामांनी करून दिलं, चपलंच्या चामड्याच्या तुकड्याचं. त्यांनी इचारलं डाव्या हातानं पोर धरतीस का उजव्या? म्हटलं डाव्या. मग उजवीकडं खवता यील आसं शिवलं. दर शनवारी मी मोरीच्या दगडावर धार लावायचो. आणि गल्लीत बोलबाला झाला. सुरीवाली. आत्याबाई म्हणाली, गोदामात न्यायची तर ने, पर आशी कमरंला लावून रस्त्यानं हिंडायचं न्हाय, लोकं म्हणत्यात सून कुणावर वार करणार हाय. मी म्हटलं लोकास्नी सांगा सुतळीवर. त्यावरनं दोन दिवस बोलली न्हाय. मग मालकांच्या मागं लागली, सुरी घरात ठेवायची, न्हायतर कामाला जाणं बंद. एकीकडं लोखंडाबिगर हलू नगं आसं हिनंच शिकिवलेलं, आणि आता म्हणती ठेव.

पूजाला नऊ म्हैनं झालं तवा गोवराच्या डोससाठी राजारामपुरीत दवाखान्यात निघालो, मालकांच्या मोपेडवर. मालक म्हणाले आज सुरी ठेव, डाक्टरकडं चाललोय, शोभतंय का? मी व्हय म्हटलं आणि ठेवली न्हाय. पदर पोरीवरनं घेतलेला, माज्या मानंला एक येढा, वारं हुतं. गाडीच्या मागच्या चाकाची जाळी कवाची मोडलेली. हायवेच्या पुलाखालनं भाईर पडलो आणि मानंला हिसका बसला. पहिल्यांदा वाटलं मागनं कुणीतरी वढलं. मग कळलं, पदर चाकात. पोरगी त्याच पदरात, तिचं तोंड माज्या छातीत दाबलेलं, मला वरडाय येईना, मालक पुढं, मागनं बशीचा हॉरन, त्यांस्नी काय ऐकू येईना. उजव्या हातानं शिटाचा दांडा धरलेला त्यो सोडला. सोडला की पडणार हे कळत हुतं. सुरी काढली, पोरीच्या गळ्याच्या आणि लुगड्याच्या मधी घातली, टोक बोथट म्हणून घालता आली, आणि भाईरच्या अंगाला वढली. एका वढीत तुटलं. मी आणि पोरगी रस्त्यावर. कोपर फुटलं माजं, पोरीला वरखडा न्हाय, वराडली मातर आशी की रिक्षा थांबल्या.

आणि मालक पळत आले आणि पयलं काय बोलले म्हायती हाय? नवी साडी फाडलीस! खरंच सांगतो. मग चाकाकडं बघिटलं, हातभर पदर गुंडाळलेला, माज्या मानंकडं बघिटलं, तांबडा वळ, आणि खालीच बसले तिथं, मातीत.

डोस घिऊन घरी आलो. आत्याबाईनं सगळं ऐकलं, भाकरतुकडा ववाळून टाकला, पोरीचं मुकं घेतलं, आणि देव्हाऱ्याम्होरं सुरी ठेवून तिला हळदकुंकू लावाय लागली. म्हणाली बघ, मी सांगत न्हवतो? लोखंडानं राखलं. आता कवा सोडू नगंस, कमरंलाच लाव, कोण काय म्हणतंय बघतो मी. शाबास गं पोरी.

लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा शाबास म्हणाली ती मला. घ्यावी वाटली बघा ती शाबासकी. लई वाटली. पर माज्या ध्यानात आलं, ही जर मी घेतली तर ते दुसरंबी घ्यावं लागतंय. हिला लोखंडानं राखलं म्हंजे त्याला मी मारलं.

मी सुरी उचलली, कुंकू पुसलं.  म्हटलं आत्याबाई, लोखंडानं न्हाय राखलं, धारंनं राखलं, आणि धार मी लावलीया. लोखंड कापतंय, राखत न्हाय. माजं पोरगं काविळीनं गेलं. पाच दिस पिवळं हुतं, खिडकीला कांबळं लावून आपण बसलो. मी सुरी इसरलो म्हणून न्हाय गेलं ते. परत आसं कुणाला सांगायचं न्हाय. सांगिटलं तर मी पोरीला घिऊन माहेरी जाईन, उसातनं एकटी चालत जाईन.

आत्याबाई आशी उसळली! मला उलटून बोलतीस, माज्या घरात? आणि तवा मालक दारातनं म्हणाले, चाकात ऱ्हायलेली चिंधी काढत बसलेले ते भाईर, म्हणाले, पिवळा हुता गं आई त्यो. मी बघिटलेला. मला कळत हुतं आणि मी न्हेला न्हाय.

 आत्याबाई उठली, चुलीपाशी गेली, भाकरी टाकली तव्यावर आणि बसली बघत, ती भाकरी जळाली तरी उलथली न्हाय तिनं. चुकलं आसं काय म्हणाली न्हाय. आजतागायत म्हणाली न्हाय. पर ते वाक्य त्या दिवसापास्नं तिच्या तोंडातनं मी ऐकलं न्हाय.

आता पूजा शाळंत जाती, चवथीत हाय. मी गोदामातच हाय, पोती उसवतो. भीती गेली का म्हणाल तर न्हाय गेली, रस्ता ओलांडताना आजबी दोनदा माघारी फिरतो, पर ओलांडतो. आत्याबाईचं डोळं गेलं जरा, मीच हात धरून न्हेतो दवाखान्यात, भांडत भांडत जातो दोघीबी.

आणि एक लिहा. कुणी इचारलं पोरं किती, तर पयलं मी एकच सांगायचो. आता दोन सांगतो. एक पोरगी आणि एक पोरगा, नऊ दिसांचा. समोरचं माणूस इषय बदलतंय, हुदे. नाव इचारू नका त्याचं, ते मी ठेवलंय, मनातल्या मनात, मालकांस्नीबी सांगिटलं न्हाय. ते तेवढं माज्यापाशीच ऱ्हाऊ दे. तुमची लेकरंबाळं सुखी ठेवो देव. च्या घ्या, गार झाला की.