तांबडीचे टाके

गड्यांनो, माझ्या बायकोचा, शमीमचा हात तुमी त्या दिवशी बघायला पायजे हुता. मुंगसानं आमची तांबडी कोंबडी पाठीवर पार फाडली हुती. शेजारचे फौजी म्हणाले, "आता न्हाई जगत. कापा, रस्सा तरी हुईल."

शमीम म्हणाली, "अजून दाणा टिपती हाय. मी न्हाई कापू देणार."

तिनं सुई उकळली, जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुतली आणि मला म्हणाली, "धरा घट्ट." मी रहिमतपुरात जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, पण जित्या कातडीत सुई घालायला मी धजलो न्हाई, नुसती तांबडी धरून बसलो. तिनं मात्र रेशमी दोऱ्यानं टाके घातले आणि वर हळद लावली.

मग तांबडीला अंगणातच बांबूच्या जाळीदार डालग्याखाली ठेवलं. मी म्हणलो, "घरात ठेव की."

"नको. बाकीच्या कोंबड्यांना ती दिसत ऱ्हायली पायजे, न्हाईतर परकी समजून टोचून मारतील."

जखम भरल्यावर तिनं डालगं उचललं. तशी दांडगी काळी कोंबडी थेट तांबडीच्या अंगावर धावली. मी मधी पडायला गेलो, तर शमीमनं माझा हात धरला. "थांबा. तिची जागा तिलाच घेऊ द्या."

तांबडीनं पिसं फुलवली आणि काळीच्या तुऱ्यावर अशी चोच हाणली, की काळी मागंच सरली.

मी टाळ्या वाजवल्या. शमीम लाजली. "आवं, हळू. गल्ली बघतीया."

"बघू दे की," मी म्हणलो. "बघण्यासारखंच हाय."