दिव्यावर चिकटवलेला संत

स्तेर्गिओसची मोटरसायकल उघडून मेकॅनिक प्रोद्रोमोस बसला होता. माझा नंबर त्यानंतर होता.

"ऑइल पंप पार गेलाय, काका, नवीन टाकावा लागेल. लाल दिवा लागला तेव्हाच थांबायचं ना?"

"दिवा लागलाच नाही."

"लागला असेल. त्याच्यावर तुम्ही संत ख्रिस्तोफर चिकटवलाय."

"प्रवासात सांभाळतो तो. असा पंप गेला की आधी काय होतं रे?"

"इंजिन खडखडतं. मग जाम होतं, मागचं चाकही अडकतं. तुम्ही चढावर होतात म्हणून वाचलात."

"माझ्या ख्रिसाची गाडी सकाळी खडखडत होती. मी म्हटलं, चेन सैल असेल, जा पोरी."

"कुठे आहे ती आता?"

"मेत्सोवोचा घाट उतरत असेल."

"फोन लावा तिला."

"तिसऱ्यांदा लावतोय. उचलत नाही. तिच्या गाडीवरही संत मीच चिकटवलाय, प्रोद्रोमोस. तिथेच."