रोजरीमायची हाक

ऐका. कंदील जरा खाली घ्या, डोळ्यांवर येतो. आणि दाराला अडसर लावू नका, माझा लेक जुजे अजून यायचाय.

माझा बाप इनास अंधार पडल्यावर घरातून निघाला. त्याची आई, आमची म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, घशात घरघर लागलेली. तिला एकच ध्यास, पाद्रीबाबानं येऊन शेवटचं तेल लावावं. पाद्री राहायचा खाडीपलीकडे. बांधावरच्या वाटेवर भरतीचं पाणी चढलेलं. उरली जुन्या देवळावरची वाट. देऊळ म्हणजे आपलं ते पडकं चर्च, दार नाही, छप्पर नाही.

म्हातारी म्हणाली, "तिकडनं नको रे जाऊ."

बाप म्हणाला, "मग पाणी उतरेपर्यंत थांबतेस का?"

म्हातारी हसली, बरं का. तशातही हसली. म्हणाली, "जा. पण कोणी हाक मारली तर ओ देऊ नको. माझ्या आवाजात मारली तरी नको."

आता ती वाट अशी का, ते सांगते. फिरंग्यांचं राज्य होतं तेव्हाचं आहे हे. कोटात राजाचा कपितान, देवळात मोठा पाद्री, आणि दोघांचं भांडण खाडीकाठच्या खाजणावरून, म्हणजे बांध घालून केलेल्या भातजमिनीवरून. तिथलं भात राजाच्या कोठारात जायचं की देवाच्या? मनवेल होडीवाल्यानं पाद्रीच्या बाजूनं साक्ष दिली. झालं. कपितानानं त्याच्यावर चोरीचा आळ घेतला, शिपाई सोडले. मनवेल पळत सुटला तो देवळात शिरला. तेव्हाचा कायदाच असा, देवळाच्या आत गेला त्याला राजाचा हात लागत नसे. त्यानं आतून अडसर लावला. शिपाई पायऱ्यांसमोर चूल मांडून बसले. त्याची आई रोजरी, तिला हा एकुलता एक, ती रोज भाकरी आणायची आणि झरोक्यातून आत द्यायची.

एका सकाळी मनवेल पायरीवर मरून पडलेला. पाठीत भाला.

पाद्री म्हणे, शिपायांनी दार फोडून ओढला. कपितान म्हणे, पाद्रीनंच मारला, माझं नाव घालवायला. दोघांची माणसं गोव्याला तक्रार घेऊन गेली. पण गावानं दार बघितलं होतं. दाराला ओरखडा नव्हता. अडसर आत, भिंतीला नीट टेकवून ठेवलेला. म्हणजे दार मनवेलनं आपल्या हातानं उघडलं. कोणासाठी उघडलं?

रोजरी आपल्या घरी चुलीपुढं बसलेली. म्हणाली, "मी हाक मारली."

आदल्या संध्याकाळी पाद्री तिच्या घरी आला होता. कपितानानं माफी दिली म्हणाला. लेकाला घरी घेऊन जा. दुसऱ्या कोणाच्या हाकेला तो बाहेर यायचा नाही, तूच मार.

तिनं मारली.

पुढच्या पिकाला खाजणातलं भात देवळाच्या कोठारात गेलं. नाताळाला कपितान पाद्रीच्या टेबलावर जेवला. म्हणजे दोघांचा सौदा आधीच झालेला. आणि गाव कोणाला बोललं? रोजरीला. आईनं लेक विकला म्हणाले. तिच्या हातचं पाणी कोणी घेईना. त्याच पायरीवर बसून बसून ती मेली.

तेव्हापासून ती हाका मारते. आता बाहेर बोलवत नाही, आत बोलावते. आत घेते, अडसर लावते, आणि मग सोडत नाही. मारायला नाही रे, वाचवायला. एक गुराखी सकाळी आत सापडला होता, कोपऱ्यात, थंडगार.

तर बाप चालला. वाटेतल्या चिंचेपर्यंत काही नाही. चिंच गेली आणि वास आला, तव्यावरच्या भाकरीचा. रानात कोण भाकरी थापतंय? चालला. मग मागून पायातल्या जोड्यांचा आवाज. आधी एकाचे, मग खूप जणांचे. बाप पळाला, जोडेही पळाले. पुढं देऊळ आलं, आणि ज्याला दार नाही त्याला दार दिसलं. अर्धं उघडं. आत दिवा. आतून आमच्या म्हातारीचा आवाज, तश्शीच घरघर.

"इनास, आत ये बाळा. बाहेर मारतील रे."

म्हातारी घरी पडलीय, हे त्याला ठाऊक. ठाऊक असून पाय वळला. पायरीवर पाय ठेवला तसं मनगट धरलं कोणीतरी. गार, भिजल्या पिठासारखा हात. बाप रडायला लागला. म्हणाला, "रोजरीमाय, मी मनवेल नाही. पाद्रीला आणायला चाललोय."

पाद्री म्हटल्यावर पकड अशी आवळली, की हाड मोडतंय.

"माझी आई मरायला टेकलीय गं."

पकड सैल झाली. मग अंधारातून एका बाईचा आवाज आला, आमच्या म्हातारीचा नव्हे, परका. "मग तू इथं काय करतोस? जा तिच्याकडे."

हात सुटला. बाप पळाला, पण घराकडे नाही, पाद्रीकडे. पाठीमागून पुन्हा म्हातारीच्या आवाजात हाक आली, "इनास, घरी ये." त्याला सांगितलेलं आठवलं. ओ दिली नाही, वळून बघितलं नाही.

पाणी उतरल्यावर पाद्रीला घेऊन बांधावरून घरी आला. म्हातारीपाशी ठेवलेली मोनीआत्या उंबऱ्यात बसलेली.

म्हणाली, "गेली रे. शेवटी उठून बसली. तेल नको म्हणाली, पाद्री नको म्हणाली. 'इनास, घरी ये' म्हणून एवढ्या मोठ्यानं हाक मारली, की शेजारची माणसं जागी झाली."

बाप पुढं खूप वर्षं जगला. कोणी मागून हाक मारली की आधी मनगट चोळायचा, मग वळायचा.

त्या वाटेनं जाऊ नका पोरांनो. रोजरी धरते म्हणून नाही. ती बिचारी सोडते. पण त्या वाटेवर आपल्या आईची खरी हाकही आपल्याला खरी वाटत नाही.

चला, निजा आता. अडसर राहू दे तिथंच. जुजेला मी हाक मारणार नाही. तो येईल त्याचा त्याचा.